दुपारी वावरात ओल वाढते कशी? (मृग बहाराचा ताण, सेन्सर आणि ऊन)

संत्राबाग_वरूड | ९ मे, रात्री ९:४०

मंडळी, वरूड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. चार एकर, काळी भारी जमीन, झाडं अकरा वर्षांची. यंदा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरायचा म्हणून एप्रिलच्या शेवटी पाणी तोडलं, म्हणजे झाडांना ताण दिला. ताण कितपत बसला ते दरवर्षी पानं बघून ठरवतो. या वेळी मुलाने ओल मोजायचा सेन्सर लावून दिला, कपॅसिटन्सवर चालणारा, पात्यासारखा जमिनीत खुपसायचा. १० सेंटीमीटर खोल, झाडाच्या घेराच्या कडेला. दर तासाला मोबाइलवर आकडा येतो.

सात दिवसांचे आकडे वहीत उतरवले आणि डोकं चक्रावलं. सकाळी आठला २९ टक्के, संध्याकाळी सहाला साडेएकतीस, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २९ च्या जरा खाली. रोज हेच. ठिबकची मोटर बंद, कॉक बंद, आभाळात ढग नाही, वर ४५ अंश ऊन. आणि दिवसभरात माती ओली होत जाते?

विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला बॅटरी बदला. बदलली. काही फरक नाही. माझा प्रश्न एवढाच, की ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी सोडायचा, निर्णय सकाळच्या आकड्यावर घ्यायचा की संध्याकाळच्या? अडीच टक्के म्हणजे माझ्या जमिनीत जवळपास आठवड्याचा फरक पडतो. झाड जास्त वाळलं तर फांद्या जातात, कमी वाळलं तर फूल येत नाही. वर्षाचं पीक यावर आहे.

---

पऱ्हाटीवाला | ९ मे, रात्री १०:०५

भाऊ, हे मशीन कायले लावलं? आमचा बुढा वीतभर खोल खड्डा करे, मूठभर माती घे, दाबे. गोळा झाला न् बोटाले ओल लागली त पाणी हाये. गोळा फुटला त नाई. त्याले बॅटरी लागत नाई न् दुपारी आकडा बी चढत नाई.

---

मूळशोध्या | ९ मे, रात्री १०:३१

मुळं खालच्या ओल्या थरातून पाणी ओढून वरच्या कोरड्या थरात सोडतात, असं वाचलं आहे. मोठ्या झाडांत हे घडतं. तुमच्याकडे तेच होत नसेल ना?

---

संत्राबाग_वरूड | ९ मे, रात्री १०:४४

@पऱ्हाटीवाला, माझे वडीलही मुठीतच बघायचे आणि मीही बघतो. पण गोळा होतो आणि गोळा होत नाही, या दोन्हींमध्ये काळ्या मातीत दहा-बारा दिवस असतात. त्या दहा दिवसांतला नेमका दिवस मला हवा आहे.

@मूळशोध्या, शक्यता वाटते.

---

मातीचा_डबा | १० मे, सकाळी ७:१२

मी बत्तीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी मुळांचं. मुळं वर पाणी सोडतात हे खरं, पण ते रात्री. दिवसा पानं पाणी उडवत असतात तेव्हा सगळी ओढ पानांकडे असते. म्हणजे तसं असतं तर आकडा सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी आला असता. तुमचं नेमकं उलट आहे.

आता सेन्सर काय मोजतो ते बघा. तो पाणी मोजत नाही. मातीत विजेचा भार किती साठतो ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. हवेचा परावैद्युत स्थिरांक (भार साठवायच्या क्षमतेचा आकडा) १, कोरड्या खनिजांचा ३ ते ५, आणि पाण्याचा २० अंशांना ८०. एवढी तफावत असल्यामुळे मातीत पाणी थोडंसं वाढलं तरी आकडा उडी मारतो. १९८० मध्ये टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या कॅनडातल्या संशोधकांनी स्थिरांकावरून ओल काढायचं समीकरण दिलं, ते अजून वापरात आहे.

पण हे ८० तापमानाबरोबर बदलतं. ४० अंशांना तेच पाणी ७३ दाखवतं. पाणी तापलं की त्याच्या रेणूंची चळवळ वाढते आणि विजेच्या क्षेत्रापुढे ते पूर्वीसारखे शिस्तीत वळत नाहीत. म्हणजे पुस्तकाप्रमाणे माती तापल्यावर आकडा उतरायला हवा. रेताड जमिनीत तो उतरतोही.

तुमचा चढतो, कारण जमीन काळी आहे. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, विद्युतवाहकता. मातीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. तापमान एक अंश वाढलं की पाणी पातळ होतं, आयन सहज पळतात आणि वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणून तर प्रयोगशाळेत वाहकता नेहमी २५ अंशांवर आणून लिहायची असते. आता, ओल मोजणारी महागडी टीडीआर यंत्रं शेकडो मेगाहर्ट्झच्या वारंवारतेवर काम करतात, तिथे वाहकतेचा त्रास कमी असतो. स्वस्त सेन्सर एक-दीड मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यांना साठलेला भार आणि वाहून गेलेला भार यांतला फरक नीट कळत नाही. वाहकता वाढली की ते म्हणतात ओल वाढली.

दुसरं कारण मला स्वतःला फार आवडतं. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. एका ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटच्या कणांचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. त्या पृष्ठभागाला चिकटून बसलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, ते जखडलेलं असतं आणि सेन्सरला फारसं दिसत नाही. माती तापली की त्यातलं काही सैल होतं आणि दिसायला लागतं. पाणी तेवढंच, पण दिसणारं पाणी वाढलं. १९९९ मध्ये रेथ आणि ऑर या संशोधकांनी ही दोन्ही बाजूंची ओढाताण मांडली होती. मोकळं पाणी आकडा खाली खेचतं, जखडलेलं पाणी सुटून वर ढकलतं. रेतीत पहिलं जिंकतं, चिकणमातीत दुसरं.

तेव्हा सेन्सर बिघडलेला नाही. तापमान न बघता आकडा वाचला जातोय, एवढंच.

---

गोदाकाठ | १० मे, सकाळी ८:०३

वाह. वाचनखूण साठवली.

---

खारपाणी_दर्यापूर | १० मे, सकाळी ९:२०

काकांच्या प्रतिसादातला वाहकतेचा भाग आमच्या रोजच्या जगण्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्यात असाच सेन्सर लावला होता. बोअरचं एक पाणी दिल्यावर जो आकडा चढला तो पंधरा दिवस उतरलाच नाही. हरभरा माना टाकायला लागला आणि मोबाइल सांगतोय जमीन तुडुंब आहे. मी मोबाइलवर विश्वास ठेवला आणि पीक हातचं गेलं. अजून ते सलतं.

तेव्हाच्या माझ्या नोंदींत दुपारची उडी तुमच्यापेक्षा मोठी होती, आणि ती डिसेंबरात. क्षार जितके जास्त तितकी उन्हाची उडी मोठी, असं मला वाटतं. काका, बरोबर का?

---

मातीचा_डबा | १० मे, सकाळी ९:४८

बरोबर. दोन टक्के हे मूळ वाहकतेवर लागतात. मूळ आकडाच मोठा असेल तर त्याचे दोन टक्केही मोठे. तुमच्याकडे असा सेन्सर ओल कमी आणि क्षार जास्त मोजतो. ओल मोजायचे जिप्समचे ठोकळे, जे ब्यूयुकोस या संशोधकांनी १९४० च्या सुमारास आणले, ते थोडेफार क्षार झेलतात, कारण जिप्सम स्वतःच विरघळून आतलं पाणी ठरावीक क्षारांचं ठेवतो. पण तेही रोध मोजतात, आणि माती तापली की रोध उतरतो. म्हणजे तेसुद्धा दुपारी ओल जास्तच दाखवणार. खारपाणपट्ट्यात टेन्शिओमीटर बघा. तो वीज वापरत नाही, माती पाणी किती जोराने ओढून धरते ते मोजतो. मात्र ८० किलोपास्कलच्या आसपास त्याची मर्यादा संपते, कोरड्या काळ्या मातीत त्याच्या नळीत हवा शिरते.

---

रोलर_आणि_मुरूम | १० मे, दुपारी १:१५

मी शेतकरी नाही, रस्त्याच्या कामावर असतो. पण हा धागा वाचून चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

रस्त्याच्या भरावात प्रत्येक थर किती दबला, म्हणजे कोरडी घनता किती आली, ते तपासावं लागतं. खात्रीची पद्धत म्हणजे खड्डा खणून त्यात मोजलेली रेती ओतायची, भारतीय मानक आयएस २७२० भाग २८. चिकणमातीत कोअर कटर, म्हणजे धारेची नळी, ठोकायचा, भाग २९. दोन्हींत वेळ जातो, कारण माती भट्टीत वाळवावी लागते. म्हणून आमच्या साइटवर विजेवर घनता सांगणारं यंत्र आणलं होतं. चार खिळे थरात ठोकायचे, त्यांतून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडायचा, मातीचा रोध आणि धारकता घ्यायची. आधी त्याच मातीवर रेतीच्या चाचण्या करून यंत्राला शिकवायचं, मग ते घनता आणि ओल दोन्ही सांगतं. सोबत तापमानाची एक सळई असते, तीही मातीत घालायची.

सकाळी साडेसातला एक पट्टा तपासला, ओल ठीक, घनता ठीक. त्याच पट्ट्याचा पुढचा तुकडा दुपारी तीनला तपासला. रोलर तोच, फेऱ्या तेवढ्याच, मुरूम एकाच खाणीतला. यंत्राने ओल बरीच जास्त आणि कोरडी घनता कमी दाखवली. थर नापास. ठेकेदाराची माणसं चिडली, पुन्हा रोलर फिरवला, आकडा तोच. शेवटी मी खाली बसून बघितलं. तापमानाची सळई पोराने खिळ्यांच्या शेजारी न घालता टँकरने नुकत्याच भिजवलेल्या गार मातीत रोवली होती. यंत्राला वाटलं माती गार आहे. खिळ्यांखालचा मुरूम हाताला चटका देत होता. गार समजून तापलेल्या मातीची वाहकता वाचली, म्हणजे ती ओलच समजली. सळई उपटून खिळ्यांमध्ये घातली, दहा मिनिटं थांबलो, थर पास. दुसऱ्या दिवशी रेतीच्या चाचणीनेही तेच सांगितलं.

त्या दिवसापासून सळई मी स्वतः रोवतो.

---

मूळशोध्या | १० मे, दुपारी १:४०

पण घनतेचा आणि संत्राबागेचा काय संबंध?

---

रोलर_आणि_मुरूम | १० मे, दुपारी २:०२

मोठा आहे. सेन्सर दाखवतो ते घनफळाच्या हिशोबाने पाणी. ते मिळतं वजनी ओल गुणिले कोरडी घनता. समजा वजनी ओल २४ टक्के आणि घनता १.३, तर आकडा ३१ च्या आसपास. तीच माती ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबून १.५ झाली तर ३६. पाणी एक थेंब वाढलं नाही. दोन अज्ञात आणि आकडा एक, असं ते गणित आहे. त्यात तापमान तिसरं शिरलं.

@संत्राबाग_वरूड, सेन्सर चाकाच्या पट्ट्यात तर लावलेला नाही ना? फवारणीचा ट्रॅक्टर घेराच्या कडेनेच जातो.

---

संत्राबाग_वरूड | १० मे, संध्याकाळी ७:३०

आत्ताच जाऊन बघितलं. चाकापासून हातभर आत आहे. पण दुसऱ्या ओळीत असाच आणखी एक सेन्सर आहे, जास्त आकडा दाखवायचा, तो चाकाच्या पट्ट्यातच निघाला! त्या ओळीला पाणी जास्त मुरतं असं मी इतके दिवस समजत होतो. उद्या काढून दुसरीकडे लावतो.

---

बाई_कारंजा | ११ मे, सकाळी १०:५०

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत घरी दोन मुलं मोकळीच होती, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही हेच करून पाहिलं होतं. झाकणाच्या दोन बादल्या घेतल्या. एकीत वावरातली काळी माती, दुसरीत नाल्याची धुतलेली रेती. दोन्हींत पाणी मिसळलं, चापून भरलं, सेन्सर आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर शेजारी शेजारी रोवला. झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारली, म्हणजे वाफ बाहेर नाही. रात्रभर माजघरात, मग दिवसभर अंगणात उन्हात. बादलीच्या मध्यापर्यंत ऊब पोचायला फार वेळ लागतो, म्हणून घाई केली नाही.

माती २८ वरून ४१ अंशांवर गेली. काळ्या मातीचा आकडा चार टक्क्यांहून जास्त चढला. रेतीचा किंचित उतरला. बादली काट्यावर ठेवली, वजन तसूभर हललं नाही. माझा धाकटा म्हणाला, "म्हणजे बादलीत पाऊस पडला नाही, तरी सेन्सर भिजला!"

पहिली फेरी मात्र वाया गेली होती. सेन्सरच्या वरच्या टोकाला जिथे इलेक्ट्रॉनिक्स असतं तिथे थेट ऊन लागत होतं आणि आकडा नुसता तेवढ्यानेच सरकत होता. त्यावर पांढरं फडकं आणि उलटी वाटी ठेवल्यावर ते थांबलं. वावरात ज्यांचं डोकं उघडं आहे त्यांनी हे आधी करा.

---

गोदाकाठ | ११ मे, सकाळी ११:१०

बाई, मुलांना माझ्याकडून शाबासकी!

---

तूरडाळ | ११ मे, दुपारी १२:२५

यावर सोपा उपाय आहे. सेन्सर ३० सेंटीमीटरवर लावा. दिवसाच्या उष्णतेची लाट तिथवर पोचत नाही, विषय संपला.

---

मातीचा_डबा | ११ मे, दुपारी ४:१८

दिवसाची लाट पोचत नाही हे मान्य. दर १० सेंटीमीटरला ती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि तीन-चार तास उशिरा पोचते. म्हणूनच हवा पहाटे सगळ्यात गार असली तरी १० सेंटीमीटरवर माती सकाळी आठ-नऊला सगळ्यात गार असते. वरूडच्या वहीत नीचांक आठला आलाय, ते अगदी जुळतं.

पण विषय संपत नाही. वर्षाची लाट फार खोल जाते, दिवसाच्या लाटेच्या एकोणीसपट. ३० सेंटीमीटरवर माझ्या अंगणात डिसेंबरात २२ अंश असतात, मेमध्ये ३४. आता विचार करा. कुणी आंबिया बहाराला, डिसेंबर-जानेवारीत, ताण बघून आकडा ठरवला की २७ ला पाणी सोडायचं. तोच २७ त्याने मृगाला मेमध्ये वापरला. जमीन बारा अंशांनी गरम, म्हणजे सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवणार, आणि २७ येईपर्यंत झाड हिशोबाबाहेर वाळलेलं असणार. हा फरक दुपार-सकाळसारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक आहे.

खोल लावा, अवश्य लावा, संत्र्याची बरीच मुळं तिथेच आहेत. पण शेजारी तापमान ठेवा.

---

तूरडाळ | ११ मे, दुपारी ४:४०

हे लक्षात नव्हतं आलं. माझं मत मागे घेतो.

---

पऱ्हाटीवाला | ११ मे, रात्री ८:५५

एक विचारतो. मे महिन्यात जमिनीले भेगा पडते, हात जाते इतक्या. थो सेन्सर भेगेत लटकला त काय सांगन?

---

मातीचा_डबा | ११ मे, रात्री ९:१५

लाख मोलाचा प्रश्न. हवेचा स्थिरांक १. सेन्सरला लागून नुसती कागदाएवढी फट पडली तरी आकडा धाडकन उतरतो. लावताना त्याच जागेची माती पाण्यात कालवून, घट्ट राबडी करून, भोकात ओतायची आणि मग सेन्सर घालायचा. तरीही ताणात काळी माती आक्रसते, म्हणून आठवड्यातून एकदा बुडाशी बघत जा. तापमानाने आकडा रोज चढतो-उतरतो. भेगेने एकदाच पडतो आणि वर येत नाही. यावरून ओळखता येतं.

---

संत्राबाग_वरूड | १४ मे, रात्री ९:०५

मंडळी, मूळ प्रश्नावर येतो.

लोखंडी पाइपचा तुकडा कापून आणला, आतून ५ सेंटीमीटर रुंद, ५ उंच, कडेला धार लावलेली. त्यात ९८ घनसेंटीमीटर माती मावते. सेन्सरपासून दोन हातांवर १० सेंटीमीटर खोल सकाळी आठला एक नमुना, संध्याकाळी सहाला एक. गावातल्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं. तो आधी हसला, मग स्वतःच फडक्याने काटा पुसून दिला. माती कृषी विज्ञान केंद्राच्या भट्टीत १०५ अंशांना चोवीस तास ठेवली.

सकाळचा नमुना ओला १७० ग्रॅम, वाळून १४२. संध्याकाळचा ओला १६९, वाळून १४१. दोन्हींत पाणी २८ ग्रॅम, म्हणजे घनफळाने साडेअठ्ठावीस टक्के. घनता १.४४-१.४५. सेन्सर सकाळी २९ म्हणाला, संध्याकाळी साडेएकतीस. जमिनीतलं तापमान सकाळी ३०, संध्याकाळी ३७.

म्हणजे सकाळचा आकडा खऱ्याच्या अगदी जवळ, आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.३६ टक्के फुगवटा. मुलाने मोबाइलच्या हिशोबात ते वजा करून घेतलं, आलेख आता सरळ उतरतो, रोज थोडाथोडा. बघून जीव भांड्यात पडला. सेन्सरच्या डोक्यावर वाटी ठेवलीय, बाईंच्या सांगण्यावरून.

---

तूरडाळ | १४ मे, रात्री ९:२०

भट्टी कशाला, आमच्याकडे मेमध्ये अंगणात ठेवली तरी भाकरीसारखी वाळते!

---

मातीचा_डबा | १४ मे, रात्री ९:३३

वाळल्यासारखी दिसते. काळी माती उन्हात ठणठणीत वाळली तरी काही टक्के पाणी कणांना धरून ठेवते, ते १०५ अंशांशिवाय सुटत नाही. ताणाच्या शेवटी एकेक टक्का मोजायचा असतो, तेव्हा ते चालणार नाही.

@संत्राबाग_वरूड, फार छान केलंत. एकच सांगतो. हे ०.३६ आजच्या ओलीचं आहे. माती आणखी वाळली की वाहकताही कमी होते आणि हा आकडा बदलतो. २५ च्या आसपास पोचलात की पाइप पुन्हा ठोका.

---

संत्राबाग_वरूड | १४ मे, रात्री ९:५०

ठोकतो, काका. आठ-दहा दिवसांत पोचेल असं दिसतंय. दोन्ही वेळचे नमुने घेऊन इथेच टाकतो.

---

खारपाणी_दर्यापूर | १४ मे, रात्री १०:१२

पाइपला धार आतून लावली की बाहेरून? मला तसाच तुकडा करून घ्यायचाय.

---

रोलर_आणि_मुरूम | १४ मे, रात्री १०:२०

बाहेरून घासायची. आतून घासली तर माती दाबत आत जाते आणि घनता खोटी येते. ठोकताना वर लाकडाचा ठोकळा ठेवा.